अंदाजाची दोन टोके

पावसाळा सुरू झाला की कोल्हापूर जिल्हा प्रशासनाकडून रोज एक पत्रक निघते. त्याची रचना इतकी ठरून गेली आहे की जिल्ह्यातल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला ते जवळजवळ पाठ असते. आधी धरणांतला साठा : राधानगरी, तुळशी, वारणा, दूधगंगा, कासारी, कडवी, कुंभी, पाटगाव. मग नदीवार पाण्याखाली गेलेले बंधारे. मग पातळ्या, फूट आणि इंचांत : राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, नृसिंहवाडी, राजापूर, आणि शेजारची म्हणून सांगली व अंकली. माझे गाव कोडोली पन्हाळा तालुक्यात, वारणाकाठी. या पत्रकात ते येते ते मधल्या भागात. वारणेवरचे पाण्याखालचे बंधारे म्हणून चिंचोली, माणगाव, खोची, दानोळी अशी जी नावे येतात, त्यांत कोडोलीचे नाव असते. पातळ्यांच्या तक्त्यात मात्र ते नसते. बंधारा बुडाला एवढे कळते. किती बुडाला आणि उद्या किती बुडेल, हे कळत नाही.

मी या लेखात त्या ‘उद्या’चा इतिहास पाहणार आहे. पाणी किती चढेल हे आधी सांगण्याची विद्या कुठून आली, ती संगणकात कशी गेली, आणि समुद्रकाठच्या वादळांसाठी घडलेले गणित आमच्या वारणेपर्यंत कसे पोहोचले, हा तो इतिहास. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे राहणाऱ्या माणसाने किनाऱ्यावरच्या पुराची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर जुलै २०२१ मध्ये मिळाले. अरबी समुद्रावरून आलेला तोच पाऊस २२ जुलैला चिपळूण बुडवून गेला आणि पुढच्या दोन दिवसांत पंचगंगेने कोल्हापुरात विक्रमी पातळी गाठली. महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. घाटमाथ्याच्या पश्चिमेला उतरलेले पाणी वाशिष्ठीने समुद्राकडे नेले, पूर्वेला उतरलेले कृष्णेने घेतले. ढग एकच होते. दुसरे उत्तर गणिताचे आहे, त्याकडे पुढे येईन.

जुनी मापे

पाण्याचे माप घेण्याची रीत आपल्याकडे इंग्रजांनी आणली, असे समजण्याचे कारण नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडीला दत्ताच्या पादुका आहेत. नदी चढत गेली की पाणी उत्तरेच्या दाराने मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. हा ‘दक्षिणद्वार सोहळा’. त्या दारातून येणाऱ्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. भाविकासाठी तो पर्वकाळ असतो. पण संगमाच्या आसपासच्या शिवारातल्या शेतकऱ्यासाठी ती एक नोंदही असते : पाणी दाराशी आले म्हणजे आपल्या कोणत्या रानात शिरले असणार, हे त्याला ठाऊक असते. कुठे घाटाची पायरी, कुठे पाराचा कट्टा, कुठे एखादे चिंचेचे झाड. ओढा नदीकडे जायचे सोडून उलटा गावाकडे वाहू लागला, ही तर सर्वांना समजणारी खूण.

या मापांत दोन गुण होते. ते जागेवरचे होते आणि पाहणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. उणीव एकच, पण मोठी : ते झालेले सांगत, होणारे नव्हे.

आणखी एक माप आमच्या जिल्ह्यात नकळत तयार झाले. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ही या मातीची देणगी. दगडी खांब, त्यांच्यामधल्या खाचांत बसवायचे बरगे. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढायचे, पूर मोकळा जाऊ द्यायचा, आणि पावसाळा सरता पुन्हा घालून पाणी अडवायचे. हे बंधारे शेतीच्या पाण्यासाठी बांधले. वरून ये-जा करता येते म्हणून ते गावांचे पूलही झाले. पण प्रत्येक बंधाऱ्याची उंची ठरलेली असल्यामुळे तो पाण्याखाली जाणे हीच एक मोजणी ठरली. ‘जिल्ह्यातले इतके बंधारे पाण्याखाली’ हा मथळा म्हणजे नदीभर पसरलेल्या मापकांचे वाचनच आहे. त्या यादीतले एक वाचन कोडोलीचे.

समुद्राचे गणित

होणारे पाणी आधी सांगण्याची पहिली यशस्वी विद्या मात्र समुद्रकाठची. भरती-ओहोटीमागे चंद्र-सूर्यांची ओढ आहे, आणि चंद्र-सूर्यांच्या गती ठाऊक आहेत. म्हणून पुरेशा नोंदी असल्या तर पुढच्या वर्षाची भरती आजच काढता येते. १८७० च्या दशकात लॉर्ड केल्व्हिन यांनी चाके, कप्प्या आणि दोरीचे असे यंत्र रचले की त्याचे दांडके फिरवले म्हणजे कागदावर भरतीची वक्ररेषा उमटे. १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यानुसार असेच एक यंत्र खास भारतीय बंदरांसाठी तयार झाले. ते राहिले विलायतेत. तिथून आपल्या बंदरांची भरतीची कोष्टके निघत. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी नोंदली जात होती. संगणक हा शब्द येण्याआधीच मुंबईचे पाणी एका गणन करणाऱ्या यंत्राच्या हवाली झाले होते, असे म्हणायला हरकत नाही.

पण वादळ चंद्रासारखे वेळापत्रक पाळत नाही. वादळाच्या पोटात हवेचा दाब उतरतो, तिथे समुद्र थोडा वर उचलला जातो. ढोबळ मानाने दाब एक मिलिबारने उतरला तर पाणी एक सेंटिमीटर चढते. खरे काम वारा करतो. उथळ किनाऱ्यावर तो पाणी रेटत आणतो आणि मागे जाऊ देत नाही. या उधाणाची गाठ भरतीच्या वेळेशी पडली तर अनर्थ होतो, ओहोटीशी पडली तर तेच वादळ निभावून जाते.

हे गणिताने पकडण्याची सामग्री तयार होती. १८७१ मध्ये फ्रेंच अभियंता सां-व्हनां याने उथळ वाहत्या पाण्याची दोन समीकरणे मांडली. पहिल्याचा अर्थ साधा आहे : एखाद्या तुकड्यात जितके पाणी आले आणि जितके गेले, त्यातला फरक तिथे साठतो. दुसऱ्याचा अर्थ : पाण्याला उतार पुढे ओढतो, तळाचे घर्षण मागे धरते, आणि पुढचे पाणी उंच असेल तर तेही मागे रेटते. समीकरणे दोन ओळींची. पण खऱ्या नदीसाठी किंवा खऱ्या किनाऱ्यासाठी ती सोडवायची तर नदीचे शेकडो तुकडे करून, काही मिनिटांच्या टप्प्यांनी, पुन्हा पुन्हा बेरजा-वजाबाक्या कराव्या लागतात. हे हाताने होत नाही. १९२२ मध्ये लुईस फ्राय रिचर्डसन यांनी हवामानाचे गणित हाताने मांडून दाखवले. सहा तासांचा अंदाज काढायला त्यांना अनेक आठवडे लागले आणि उत्तरही साफ चुकले. रीत बरोबर होती. बेरजा करणारे यंत्र जन्माला यायचे होते.

यंत्र आले तेव्हा त्याला कामाला लावले ते मृत्यूंनी. १९५३ च्या जानेवारीअखेर उत्तर समुद्रातल्या वादळाने नेदरलँड्समध्ये अठराशेहून अधिक माणसे बुडाली. नोव्हेंबर १९७० मध्ये बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळाने आजच्या बांगलादेशात तीन लाखांहून अधिक बळी घेतले. त्यानंतर दोन वर्षांनी भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. के. दास यांचा उपसागरातल्या वादळी उधाणाच्या भाकितावरचा निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे दिल्लीच्या आयआयटीत हे काम वाढले. आज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था ‘ॲडसर्क’ हे मॉडेल वापरून कोणत्या किनाऱ्यावर किती उधाण येईल ते आधी कळवते. ओडिशाच्या १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली; २०१३ च्या ‘फायलिन’मध्ये लाखो लोक आधी हलवले गेले आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला ‘निसर्ग’ आदळले तेव्हाही इशारा आधी पोहोचला होता. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. बागा हलवता येत नाहीत, माणसे हलवता आली.

इथे मुंबईची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती गणिताच्या पायाशी संबंधित आहे. जगातल्या भीषण वादळांच्या अनेक याद्यांत जून १८८२ मध्ये मुंबईत एक लाख माणसे मेल्याची नोंद सापडते. अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ लिहिताना या वादळाचा शोध घेतला, तेव्हा त्या काळच्या कागदपत्रांत त्याचा मागमूस लागला नाही. लाख माणसे मरावीत आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांना पत्ता नसावा, हे शक्य नाही. कुणीतरी कुठेतरी चुकीचे लिहिले आणि पुढच्यांनी उतरवून घेतले. मॉडेलला हे कळत नाही. शंभर वर्षांत किती मोठे वादळ येऊ शकते हे ते जुन्या नोंदींवरून शिकते. नोंद खोटी असेल तर उत्तर खोटे, आणि नोंदच नसेल तर उत्तर तोकडे. संगणकाची ताकद कितीही वाढली तरी हा नियम बदलत नाही.

कृष्णा हाच आमचा समुद्र

आता ते दुसरे उत्तर. सां-व्हनांची समीकरणे सोडवताना दोन गोष्टी बाहेरून द्याव्या लागतात : वरून किती पाणी येणार, आणि खालच्या टोकाला पातळी किती. किनाऱ्यावरच्या नदीसाठी खालचे टोक म्हणजे समुद्र. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भरती असल्यामुळे मिठी नदीला समुद्राने वाट दिली नाही. त्या अनुभवातून पुढे जून २०२० मध्ये मुंबईसाठी ‘आयफ्लोज’ ही प्रणाली सुरू झाली. तिच्यात पाऊस, नाले, भरती आणि उधाण हे एकत्र मोजले जातात.

वारणेचे खालचे टोक म्हणजे सांगलीजवळच्या हरिपूरचा संगम. तिथे कृष्णेची पातळी कमी असेल तर चांदोलीतून आलेले पाणी सरळ निघून जाते. कृष्णा दुथडी असेल तर वारणेचे पाणी संगमाशी अडते, थबकते आणि मागे मागे चढत येते. आमच्याकडे याला ‘फूग’ म्हणतात. फूग आली की पाऊस उघडल्यावरही पाणी चढत राहते. ऊन पडलेले असते आणि मळीच्या रानात पाणी वाढत असते. नवख्या माणसाला हे कोडे वाटते, गणिताला नाही. मुंबईच्या मिठीला जसा अरबी समुद्र, तशी वारणेला कृष्णा. पंचगंगेचेही तेच, तिची फूग नृसिंहवाडीपासून मागे कोल्हापूरच्या दिशेने येते.

म्हणूनच केवळ वारणेचा विचार करून वारणेचा पूर सांगता येत नाही. चांदोलीच्या धरणात ३४.४० टीएमसी पाणी मावते, कोयनेत १०५.२५, राधानगरीत ८.३६. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. धरणातून सेकंदाला ११,५७४ घनफूट, म्हणजे तितके क्यूसेक, पाणी अख्खा दिवस सोडले की एक टीएमसी होते. हा एक आकडा लक्षात ठेवला तर पुराच्या बातम्या वेगळ्या वाचता येतात. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात, प्रत्येकातून १,४२८ क्यूसेक. सातही उघडले तरी दिवसाला टीएमसीपेक्षा कमीच पाणी बाहेर पडते. तरी भोगावतीकाठी ही बातमी आली की गोठे हलू लागतात, कारण धरणाखालचा ओढ्या-नाल्यांचा पाऊस त्यात मिळायचा असतो. धरणाचे पाणी मोजता येते. धरणाखाली पडलेल्या पावसाचे पाणी अंदाजावर सोपवावे लागते.

नदी संगणकात कशी गेली

पूर आधी सांगण्याची सरकारी पद्धत बरीच वर्षे सरळ होती. वरच्या पुलाखाली आज अमुक पातळी, तर खालच्या पुलाखाली अमुक तासांनी अमुक पातळी. मागच्या पुरांच्या नोंदींवरून हा संबंध काढायचा. केंद्रीय जल आयोगाने १९५८ मध्ये दिल्लीत यमुनेसाठी पुराचे अंदाज द्यायला सुरुवात केली तीही अशाच संबंधांच्या आधारे. सांगलीच्या आयर्विन पुलाखालची पट्टी या रीतीचे आमच्या भागातले प्रसिद्ध ठिकाण. पूल १९२९ चा, आणि तेव्हापासून कृष्णेची उंची सांगलीकर त्या पुलाच्या भाषेत सांगतात : ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३.

२००५ च्या महापुरात आयर्विन पुलाखाली पाणी ५३ फूट ८ इंचांपर्यंत गेले. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी पूर-अंदाजाची संगणकीय व्यवस्था उभी राहिली. राज्याच्या जलसंपदा विभागाने ती डेन्मार्कच्या ‘डीएचआय’ या संस्थेकडून करून घेतली. खोऱ्यात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक आणि पातळीमापक बसले आणि त्यांचे आकडे पुण्याला येऊ लागले. तिथे दोन गणिते जोडलेली आहेत. पहिले पावसाचे नदीत येणारे पाणी काढते : किती मुरेल, किती मातीत राहील, किती वाहील. या गणिताचे नाव ‘नाम’. डॅनिश भाषेतल्या पाऊस-वाहणी-प्रतिमान अशा शब्दांची ती आद्याक्षरे. मराठी कानाला मात्र ते वारकऱ्याचे वाटते. दुसरे ‘माईक-११’, म्हणजे सां-व्हनांची ती दोन समीकरणे, कृष्णेच्या काटछेदांवर चालवलेली.

या साखळीचा सगळ्यात कच्चा दुवा पाऊस. नदीत आलेले पाणी मोजून काढलेला अंदाज पक्का असतो, पण तो फार आधी मिळत नाही. दोन-तीन दिवस आधी हवा असेल तर अजून न पडलेल्या पावसावर विसंबावे लागते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक आले ते यासाठीच. देशाचे हवामान मॉडेल आधी सुमारे बारा किलोमीटरच्या चौकोनांत देश पाहत होते. मे २०२५ मध्ये आलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरच्या चौकोनांत पाहते. हा फरक आमच्या जिल्ह्यासाठी केवढा मोठा आहे ते असे पाहा : गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या शिरोळला पाचशेच्या आसपास. घाटमाथ्यापासून थोडे पूर्वेला सरकले की पाऊस झपाट्याने उतरतो. मोठ्या चौकोनात माथा आणि पायथा एकाच घरात पडतात आणि त्यांची सरासरी निघते. पूर सरासरीने येत नाही.

२०१९ : आठवणीचे मॉडेल

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले, आयर्विन पुलाखाली ५७ फूट ६ इंचांवर. मुंबई-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद होता. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसे नेणारी बोट उलटली आणि सुटकेच्या वाटेवरच लोक बुडाले.

या पुराचा अभ्यास करताना मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट मापकांची नाही. नदीकाठच्या गावोगावी लोक वेळेवर बाहेर पडले नाहीत, आणि त्याचे कारण बहुतेकांनी एकच सांगितले : २००५ ला पाणी इथपर्यंत आले होते, त्याच्या वर येणार नाही असे वाटले. म्हणजे प्रत्येकाच्या मनात एक मॉडेल होते. त्यात नोंद एकच, पण स्वतः पाहिलेली. सामान माळ्यावर ठेवले ते २००५ च्या खुणेपेक्षा हातभर वर. सांगलीत दोन पुरांतला फरक जवळजवळ चार फुटांचा होता. माळ्यावरचे सामानही गेले. सरकारी इशाऱ्यात ‘धोका पातळी ओलांडली’ असे होते. आपल्या घराचा उंबरा त्या पातळीपासून किती वर, हे सांगणारे काही नव्हते. त्यामुळे माणसाने जवळचे माप वापरले. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्याजवळ तेवढेच माप होते.

दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या वर गेले. या वेळी चढही वेगवान होता. पण लोक आधी निघाले, जनावरे आधी हलली. यंत्रणा सावध होती हे खरे. पण मनातल्या मॉडेलमध्ये २०१९ ची नोंद भरली गेली होती, हेही तितकेच खरे.

इथे ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांचा घोटाळाही सोडवायला हवा. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा पूररेषा आखतात. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऐकणाऱ्याला वाटते, एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात येईल. गणितात त्याचा अर्थ एवढाच की कोणत्याही वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. तीस वर्षे त्या रेषेत राहणाऱ्या घराला तो निदान एकदा गाठण्याची शक्यता शंभरात सव्वीस निघते. आणि ही शक्यताही जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेली. पाऊसच बदलत असेल तर रेषेलाही सरकावे लागते.

साक्षीला उभे केलेले गणित

मॉडेलला आमच्या भागात आणखी एक काम पडले : साक्ष देण्याचे. पूर आला की पहिला प्रश्न आलमट्टीचा. कर्नाटकातल्या त्या धरणात ५१९.६ मीटरपर्यंत सुमारे १२३ टीएमसी पाणी साठते. कृष्णा पाणीतंटा लवादाने डिसेंबर २०१० मध्ये ही उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मान्यता दिली, आणि तेव्हापासून कोल्हापूर-सांगलीत हा जिव्हाळ्याचा विषय आहे. २०१९ च्या पुरात आलमट्टीतून पाच लाखांवर क्यूसेक पाणी सोडले जात होते. म्हणजे दिवसाला चाळीस टीएमसीहून अधिक. ते आणखी आधी सोडले असते तर सांगलीचे पाणी उतरले असते का? नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात अतिवृष्टीवर आणि नदीपात्राच्या संकोचावर भर होता. आलमट्टीमुळे पूर आला, असे तिने मानले नाही. पूरग्रस्त भागातल्या अनेक कार्यकर्त्यांना हे पटले नाही.

या वादात मी कोणाच्या बाजूने निकाल देणार नाही. पण एक गोष्ट नोंदवतो. फुगवट्याचा प्रश्न ‘धरणाची उंची’ विरुद्ध ‘गावाची उंची’ असा सरळ रेषेत सुटत नाही. वाहत्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो, आणि मधल्या प्रत्येक बंधाऱ्याचा, पुलाच्या भरावाचा, गाळाचा त्यात वाटा असतो. महामार्गाच्या भरावाने पाणी किती तुंबते, हा प्रश्न शिरोलीच्या बाजूचे लोक उगाच विचारत नाहीत. याचे उत्तर नदीचे ताजे काटछेद घेऊनच मिळू शकते. पुराच्या प्रत्येक वर्षानंतर पात्र बदलते. जुन्या काटछेदांवर चालवलेले मॉडेल जुन्या नदीचा पूर सांगते. दोन राज्ये एकाच नदीची गणिते वेगवेगळ्या खोल्यांत आणि वेगवेगळ्या आकड्यांनी करत राहिली, तर तिसऱ्याने कोणावर विश्वास ठेवावा? २०१९ नंतर दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांत विसर्गाच्या आकड्यांची देवाणघेवाण वाढली, ही त्या दृष्टीने मोठी गोष्ट. आकडे सर्वांसमोर आले तर ती आणखी मोठी होईल.

दुसरे टोक

आता पुन्हा कोडोलीकडे. पूर म्हणजे इथे नेमके काय पणाला लागते? नदीकाठी शेतकऱ्यांच्या पाणी उपसण्याच्या मोटारी असतात. पाणी चढू लागले की त्या सोडवून वर आणाव्या लागतात. चार माणसे, दोर आणि निदान काही तासांचा उजेड लागतो. वेळ चुकली तर मोटार जाते, आणि लवकर काढून पूर आला नाही तर खर्च आणि श्रम वाया. गोठ्यातली जनावरे हलवायची तर वैरणही हलवावी लागते. ऊस चार दिवस पाण्यात उभा राहिला तर तगतो, शेंड्यावरून गाळाचे पाणी बसले तर कुजतो. अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस, बाळंतीण, डायलिसिसचा रुग्ण यांना रस्ता बंद होण्याआधी पलीकडे न्यावे लागते. हे सगळे निर्णय ‘किती’ आणि ‘केव्हा’ यांवर चालतात. राजाराम बंधारा ४३ फुटांवर गेला, हे पंचगंगेचे माप वारणाकाठच्या माणसाला या निर्णयांत फारसे उपयोगी नाही. चांदोलीतून इतके क्यूसेक सोडले, हेही अर्धेच. संगमावर कृष्णा किती आहे, ते त्यात मिळवावे लागते. जाणती माणसे ही बेरीज मनात करतात; तोंडी, आणि दर पिढीला नव्याने.

ही बेरीज पुण्याच्या संगणकात रोज होत असते. अवघड होते ते गणित सुटले आहे. सोपे राहिलेले काम करायचे बाकी आहे. ते असे. प्रत्येक नदीकाठच्या गावात, बंधाऱ्याच्या खांबावर आणि गावात सर्वांच्या नजरेस पडेल अशा भिंतीवर, फुटांची पट्टी रंगवावी. तिच्यावर २००५, २०१९, २०२१ च्या खुणा कराव्यात, त्याही ज्यांनी पाणी पाहिले ती माणसे हयात आहेत तोवर. मॉडेलचा अंदाज गावात पोहोचवताना तो त्या पट्टीच्या भाषेत द्यावा : उद्या संध्याकाळपर्यंत २०१९ च्या खुणेच्या खाली दोन फूट, कमी-जास्त एक फूट. तो ‘कमी-जास्त’ही सांगावा; पावसावर शेती करणाऱ्या माणसाला अनिश्चितता नवी नाही, तिचा आकडा मिळाला तर त्याला उपयोगच होईल. मग तलाठी, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीचा भोंगा आणि मोबाइलवरचा संदेश हे सगळे एकच वाक्य बोलतील.

याचा फायदा एकाच बाजूला नाही. पूर ओसरल्यावर भिंतींवर राहिलेल्या गाळाच्या रेषा मोजून मॉडेल तपासतात. मॉडेलने सांगितले होते ते पाणी खरोखर तिथवर आले का, हे दुसरे कोण सांगणार? मापक वाहून जातात, वीज जाते, संदेश तुटतो, पण भिंतीवरची रेषा राहते, ती पुसायच्या आत कोणी टिपून घेतली तर. गावाने आपली खूण जपली तर गणिताला पाया मिळतो, आणि गणिताने गावाच्या खुणेत उत्तर दिले तर गावाला वेळ मिळतो. अंदाजाची दोन्ही टोके गावातच आहेत.

नृसिंहवाडीत पाणी दक्षिणद्वाराशी आले की काठावरच्या माणसाला ते किती, हे विचारावे लागत नाही. पूर-अंदाजाला तितके सहज समजणारे माप मिळेल, त्या वर्षी जिल्ह्याच्या पत्रकात कोडोलीसारख्या गावांची नावे पातळ्यांच्या तक्त्यातही येतील, आणि त्यांच्यापुढे आजच्या आकड्याशेजारी उद्याचा आकडाही असेल.